मुळ्याचं पूर्वजन्मीचं पाप

“आली! लाली आली!”

देवळाच्या अंगणात आरोळी उठली. मागची माणसं स्कूटरच्या सीटवर चढून माना ताणू लागली. गुरू युन-छिंग शिफूंच्या काचेच्या वाडग्यातलं नितळ पाणी बघता बघता गुलाबी झालं होतं.

“रोग म्हणजे काय?” शिफू गरजले. “मागच्या जन्मीचा धूर! तो या पिवळ्या चिठ्ठीत शिरतो, चिठ्ठी पाण्यात पडते आणि धूर लाजून लाल होतो! आता तीर्थ!”

शिफूंनी एकेक चमचा तीर्थ घालून पाणी ढवळलं. पाचव्या चमच्याला लाली गडप! ट्रकवाला आ-खुन आपली दुखरी कंबर धरून तिथेच नाचू लागला. रोग गेला म्हणे!

माझी आई तर महिन्याभरापूर्वीच ‘बरी’ झाली होती. तिला मधुमेह. शिफूंनी साखर काढून घेतल्यावर तिने इन्सुलिनची इंजेक्शनं कचऱ्यात टाकली. आता ती घागरभर पाणी पीत होती. परवा आमच्या नाश्त्याच्या दुकानात तिने सोयादूध पेल्याऐवजी टेबलावर ओतलं. तिला पेला दिसलाच नव्हता.

“आई, दवाखान्यात चल,” मी म्हणालो.

“मला आजारी ठेवून तुला काय मिळणार आहे रे?” ती फणकारली.

माझी धाकटी बहीण युए-रू गावातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. ती म्हणाली, “दादा, आ-खुन म्हणजे नुसता डोंगर, आपली आई काटकुळी. दोघांनाही पाचच चमचे? सगळ्या गावाचं पाप एकाच मापाचं कसं?”

आईने विकत आणलेली तीर्थाची बाटली आणि एक चिठ्ठी घेऊन ती शाळेच्या प्रयोगशाळेत गेली. परतली ती हसू दाबतच, आणि बाजारातून भलामोठा पांढरा मुळा घेऊन.

रविवारी ती मुळा कडेवर घेऊन शिफूंपुढे उभी राहिली.

“शिफू, माझा मुळा फार आजारी आहे.”

अंगण खदखदून हसलं. शिफूंनी डोळे मिटले. “मुली, मुळ्याला कर्म नसतं. लाली येणारच नाही.”

“बघू तरी!” तिने मुळा वाडग्यात उपडा केला. पाणी लालभडक झालं!

“अगं बाई, मुळ्यानं कुणाचा खून केला होता?” मासे विकणारी हाय-थाङ मावशी ओरडली.

शिफू सावरले. “पाच चमच्यांत शुद्ध करतो.”

“पाचात नाही व्हायचा,” युए-रू म्हणाली. “बारा लागतील. आत्ताच सांगून ठेवते.”

पाच झाले. पाणी तसंच लाल. शिफूंनी चमचा खाली ठेवला.

“घाला की!” आ-खुन म्हणाला. “मुळ्याला अर्धवट सोडता काय?”

मग सगळं अंगणच मोजायला लागलं. “आठ! नऊ! दहा!” म्हातारे काठ्या आपटत होते. अकराव्याला पाणी फिकट झालं. बाराव्याला नितळ!

एकच कल्ला झाला. शिफू घाम पुसत पुटपुटले, “या मुळ्याचं पूर्वजन्मीचं पाप दांडगं होतं.”

“पाप नाही, धुण्याचा सोडा!” युए-रूने मुळ्यातली कोरलेली पोकळी सगळ्यांना दाखवली. “तुमच्या चिठ्ठ्याही सोड्यातच बुडवून वाळवलेल्या आहेत. वाडग्यातल्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन आहे. सोडा मिळाला की ते गुलाबी होतं. आणि तीर्थ म्हणजे संडास धुवायचं आम्ल, पाणी घालून पातळ केलेलं!”

आ-खुनने तीर्थ चाटलेली बोटं घाईघाईने पॅन्टला पुसली.

“पण बारा कसं ओळखलंस गं?” मावशीने विचारलं.

“एका लिटरात किती मोल पदार्थ विरघळलाय, ती त्याची मोलारिटी. मोल म्हणजे कणांचं माप, जसं अंड्यांचं डझन. तीर्थाची मोलारिटी मी शाळेत मोजली. त्यावरून एका चमच्यात एक मिलिमोल, म्हणजे मोलचा हजारावा भाग, आम्ल निघालं. लाली घालवायला सोडा जेवढे मिलिमोल, आम्लही तेवढेच मिलिमोल लागतं. चिठ्ठीत पाच असतात. मुळ्यात मी बारा भरले. बस्स!”

आई गर्दीतून पुढे आली. तिने वाडग्यात बघितलं, मग शिफूंकडे. “म्हणजे माझी साखर?”

शिफू वाडगा तिथेच टाकून झोळी आवळत गाडीकडे निघाले. पण आ-खुन गाडीच्या दाराला टेकून आरामात उभा होता. पोलीस येईपर्यंत तो हलला नाही.

आईला आम्ही तिथूनच दवाखान्यात नेलं. साखर इतकी चढली होती की डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं. “आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं,” ते म्हणाले. सुई टोचताना आई युए-रूला म्हणाली, “मुळ्याऐवजी मला आधी सांगितलं असतंस तर?”

“सांगितलं होतं गं. तू मुळ्याचंच ऐकलंस!”

आई इतकी हसली की नर्स धावत आली.

मंडळी, पाण्याचा रंग बदलला म्हणून रक्तातली साखर बदलत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर जरूर बघा, टाळ्याही वाजवा. पण कशात काय घातलं, किती घातलं, हे विचारल्याशिवाय औषध मात्र टाकू नका.