नानांनी काढलेला पक्षी

नानांचा उजवा हात आणि वाचा एकाच सकाळी गेली. हात गेल्याचं त्यांनी निमूटपणे सोसलं, पण वाचा गेल्याचं त्यांना काही केल्या मान्यच होईना. सगळी हयात तिकीट तपासनीस म्हणून काढलेला माणूस तो. ‘तिकीट?’ एवढ्या एका शब्दावर त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता. आता शब्दाचं पहिलं अक्षर तोंडातून बाहेर यायचं आणि बाकीचं आतच अडकायचं. मग कपाळावरची शीर फुगायची, डोळे मोठे व्हायचे आणि समोरचा माणूस अंदाजाने काहीबाही आणून हातात ठेवायचा.

वाचेचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, “त्यांना सगळं समजतंय. शब्द सापडत नाहीयेत, एवढंच. अक्षर लिहिणं जमेलच असं नाही, पण चित्रं काढून पाहू दे. डाव्या हातानं.”

कागद दिला, तर तो हाताखाली सरकायचा, आणि धरायला दुसरा हात नाही. दोनदा कागद फाटल्यावर नानांनी त्याचा बोळा करून भिरकावून दिला. शेवटी लेकीने आपला जुना टॅबलेट आणला. तो जड होता, जागचा हलत नव्हता, चुकलं तर पुसता येत होतं. फक्त बोटाने काढायला गेलं की काय उमटतंय ते बोटाखालीच झाकलं जायचं. लेकीला प्रयोगशाळेतून रजा मिळेना, म्हणून तिने नवऱ्याला सांगितलं, “तू त्यांना दुकानात घेऊन जा. टॅबलेटचं पेन त्यांच्या हातात बसलं पाहिजे. आपल्या मनाने उचलून आणू नकोस.”

जावई लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. सासऱ्यांशी त्याचं कधी वाकडं नव्हतं, पण फार सख्यही नव्हतं. नाना त्याच्याकडे बघायचे ते विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसे, आणि तोही आपला आठवड्यातून एकदा येऊन, खुर्चीच्या कडेवर बसून, चहा पिऊन जायचा.

त्या दिवशी सकाळी तो आला तो गॅस गीझरचे सेल घेऊनच. नाना इस्पितळात असताना घर बंद होतं. परत आल्यावर बघतात तर गीझर पेटेना, म्हणून माई, म्हणजे त्याच्या सासूबाई, शेगडीवर पाणी तापवून नानांचं अंग पुसायच्या आणि स्वतः दोन तांब्यांत उरकायच्या. जावयाने जुने सेल काढून नवे घातले, नळ सोडला. भप्प करून निळी ज्योत उठली. त्याने लगेच नळ बंद केला.

“झालं काम! माई, आता खुशाल अंघोळ करा.”

तेवढ्यात गॅलरीतून नानांचा आवाज आला. “पा! पा!”

नाना दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे. माई लगबगीने पाणी घेऊन गेल्या. नानांनी पेल्याला असा फटका मारला की तो भिंतीवर जाऊन फुटला. “पा! पा!” ते डाव्या हाताने न्हाणीघराकडे, मग बाहेर, मग पुन्हा न्हाणीघराकडे दाखवत होते.

“पाणीच दिलं ना हो,” माईंचे डोळे भरून आले. “कालपासून हेच चाललंय. पाणी मागायचं आणि भिरकावायचं. असे नव्हते हो हे.”

“आजारपणात चिडचिड होते माई. बाहेर पडले की बरं वाटेल त्यांना.”

“तुम्ही या जाऊन. मी काचा भरते, दोन कामं उरकते आणि डोक्यावरून न्हाऊन घेते. किती दिवसांत धड न्हायलेच नाहीये.”

नानांना उठवताना त्यांनी दाराची चौकट घट्ट धरून ठेवली. एकेक बोट सोडवावं लागलं. जावयाला मनातून ओशाळल्यासारखं झालं. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हट्टाला बळी पडू नका.

गाडी शिकवणीची होती. शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक, आणि आज त्या जागेवर नाना बसलेले. चौक ओलांडताना नानांनी डावा पाय उचलला आणि त्या ब्रेकवर दाणकन दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मागून येणारी स्कूटर एका वितीवरून बाजूला निसटली आणि स्कूटरवाल्याने दोघांचा उद्धार केला.

“नाना! अहो, मरायचं आहे का आपल्याला?” जावई ओरडला.

नाना मागच्या रस्त्याकडे बोट दाखवत होते. “पा...” तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. जावयाने ती पुसली. त्या डोळ्यांत राग नव्हता, हे त्याच्या तेव्हा पहिल्यांदाच लक्षात आलं. काय आहे ते मात्र त्याला कळलं नाही. त्याने सीट मागे सरकवली, नानांचा पाय ब्रेकपासून लांब ठेवला आणि गाडी पुढे काढली.

दुकानातल्या बाई पन्नाशीच्या होत्या, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी नानांना खुर्ची दिली, टॅबलेट समोर ठेवला आणि जावयाकडे न बघता नानांनाच विचारलं, “काका, लिहायला हवंय की चित्रं काढायला?”

नानांनी बोटाने हवेत गोल काढला.

“चित्रं. बरं.”

पहिलं पेन रबरी टोकाचं होतं. ते दाबून धरावं लागायचं. नानांच्या हातात तेवढा जोर टिकेना आणि रेघ मध्येमध्ये तुटायची. दुसऱ्याच्या टोकाला पारदर्शक चकती होती. नेमकं कुठे टेकतंय ते दिसायचं खरं, पण पेन जरा कललं की चकती निसटायची. शिवाय मनगट काचेवर टेकलं की तिथेही भलतेच ठिपके उमटायचे. नाना मनगट उचलायचे, हात कापायचा, पुन्हा टेकायचे. त्यांचा श्वास जोरात चालायला लागला होता.

“घाई नाही काका,” बाई म्हणाल्या.

नानांनी मान जोरजोरात हलवली. घाई होती.

“हे चार्जिंगचं बघा. तुमच्या टॅबलेटला चालतं. हात टेकला तरी फक्त टोकाचीच रेघ उठते.” पण ते पेन्सिलीसारखं बारीक होतं, बोटांतून घरंगळायचं. बाईंनी खणातून स्पंजची जाड नळी काढली आणि पेनावर चढवली. काचेवर एक खरखरीत फिल्म चिकटवली. “आता कागदासारखं वाटेल. घसरणार नाही.”

नानांनी पेन मुठीत धरलं. मनगट टेकवलं. एक लांब रेघ आली. तिच्याखाली दुसरी. दोन्हींच्या टोकाला एक वेडावाकडा गोल. मग त्या गोलापाशी एक पोट, एक चोच, दोन काड्यांचे पाय. चोचीत आणखी एक काडी.

“अगंबाई, पक्षी!” बाईंनी टाळी वाजवली. “किती गोड काढलाय!”

जावयाला खरोखरच भरून आलं. त्याने फोटो काढला आणि बायकोला पाठवला : ‘नानांनी पक्षी काढला बघ!’ लगेच तिकडून हसरे चेहरे आले.

नानांनी टेबलावर मूठ आपटली. डब्यातली पेनं खाली पडली. ते रडत होते. जावयाने खांद्यावर ठेवलेला हात त्यांनी झटकून टाकला आणि पुन्हा चित्रावर वाकले. गोलापासून निघालेल्या त्या दोन रेघा त्यांनी मागे ओढत नेल्या. त्यांच्या शेवटी एक चौकोन. चौकोनात खालच्या बाजूला उभ्या उभ्या टोकदार रेघा. चौकोनाखाली एक बाई, डोक्यावर गोल गाठ मारलेली.

मग नानांनी पेन बाईच्या आकृतीवर टेकवलं, डोळे मिटले आणि मान खांद्यावर टाकली. तोंड उघडं.

“अहो, यांना काहीतरी होतंय!” दुकानातल्या बाई ओरडल्या.

जावयाला वाटलं, अर्धांगाचा दुसरा झटका! त्याने नानांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “नाना! नाना, डोळे उघडा!”

नानांनी ताडकन डोळे उघडले. थेट त्याच्या डोळ्यांत बघितलं. ते स्वस्थ होते, शुद्धीवर होते. त्यांनी सोंग घेतलं होतं. डाव्या हाताचं बोट त्या लांब रेघांवर सरकवत, एकेक आवाज ओढून काढल्यासारखा ते म्हणाले, “पा... इ...”

पाइप.

जावयाच्या डोळ्यांसमोर गॅलरी उभी राहिली. न्हाणीघराच्या भिंतीतून बाहेर आलेला गीझरचा धुराड्याचा पाइप नानांच्या खुर्चीसमोरच होता. घर इतके दिवस बंद होतं. पक्ष्याने त्यात काड्या भरल्या होत्या. धूर बाहेर पडायला वाटच नव्हती. तो सगळा आत, त्या कोंदट न्हाणीघरात साठणार होता. आणि सेल त्याने स्वतः, आपल्या हातांनी बसवले होते.

त्याने माईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

नानांच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिंप्याचं दुकान होतं. विजारी आखूड करून घ्यायला म्हणून त्याचा नंबर जावयाकडे होता. तो शोधताना बोटं चुकीच्या जागी पडत होती.

“शिंपीदादा, वर जा! माई न्हाणीघरात आहेत, गॅस कोंडलाय! आधी सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा, मग दार फोडा. आत थांबू नका, तुम्हीही पडाल!”

“काय म्हणताय काय...”

“पळा हो!”

दुकानातल्या बाईंनी तोवर रुग्णवाहिकेला फोन लावला होता आणि पत्ता विचारत होत्या. मग त्यांनी आणि जावयाने मिळून नानांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं.

गाडीवर शिकाऊची पाटी. ती बघून पुढचे कोणी वाट देईनात, आणि मागचे भोंगे वाजवत होते. रोज लोकांना ‘सावकाश, घाबरू नका, श्वास घ्या’ म्हणून सांगणारा तो माणूस स्टीअरिंगवर अंग टाकून ओरडत होता, “सरका! सरका ना!” फोन मांडीवर होता. शिंप्याचा फोन येत नव्हता. यावा असंही त्याला वाटत होतं आणि येऊ नये असंही. आला तर तो काय सांगेल? माई काचा भरत असतील, कामं चालली असतील, अजून अंघोळीला गेल्याच नसतील, असं तो मनाशी घोकत होता. मग फोन का उचलत नाहीत? कारण अंघोळीला गेल्या आहेत. पुन्हा तिथेच येऊन तो विचार थांबत होता.

शेजारी नाना सरळ बसले होते. पेन अजून त्यांच्या मुठीत होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि जावयाच्या गुडघ्यावर आपला हात ठेवला. तो हात बर्फासारखा थंड होता.

वळणावर फोन वाजला.

“दार फोडलं,” शिंपी धापा टाकत होता. “खाली पडल्यात. बाहेर ओढलंय गॅलरीत.”

“श्वास? श्वास आहे का?”

पलीकडे गलका. कोणीतरी कुणाला तरी पाणी आणायला सांगत होतं.

“दादा, श्वास आहे का?”

“आहे वाटतं... आहे. आहे हो! डोळे उघडत नाहीत, पण छाती हलतेय.”

जावयाने गाडी बाजूला घेतली नाही, थांबवली नाही. समोरचा रस्ता फक्त धूसर झाला. त्याने बाहीने डोळे पुसले आणि नानांना सांगितलं, “आहेत. माई आहेत.” नानांच्या घशातून एक आवाज निघाला. तो कुठल्याच शब्दाचा नव्हता.

ते पोहोचले तेव्हा माईंना खाली आणत होते. ओले केस, अंगावर शिंप्याच्या दुकानातलं कुणाचंतरी न शिवलेलं कापड गुंडाळलेलं. डोक्याला खोक पडली होती. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. नानांना गाडीतून उतरवायला वेळ नव्हता. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, आणि रुग्णवाहिकेच्या माणसांनी स्ट्रेचर क्षणभर त्या हाताजवळून नेलं.

इस्पितळात संध्याकाळपर्यंत कोणी नीट काही सांगेना. लेक प्रयोगशाळेतला कोट घालूनच धावत आली होती. ती नवऱ्याच्या शेजारी येऊन बसली. त्यानेच तोंड उघडलं, “सेल मी घातले. ते ओरडत होते आणि मी त्यांना ओढत नेलं.”

“मला पाठवलेला फोटो,” ती म्हणाली, “मी प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवत हिंडले. बघा माझे वडील किती छान पक्षी काढतात म्हणून.” आणि तिने तोंडावर हात दाबला.

मग डॉक्टर आले. म्हणाले, “अजून थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं. आता त्या शुद्धीवर येताहेत. दोन दिवस ठेवून घेऊ.” माईंनी मुखवट्याआडून पहिलं काय विचारलं, तर “ह्यांना कोणी खायला घातलं का?”

माई घरी आल्या. डोकं अधूनमधून दुखायचं, एखादं नाव आठवायचं नाही, मग हळूहळू तेही बरं झालं. गीझर काढून टाकला, विजेचा बसवला. पाइपमधून घरटं निघालं ते हातभर लांब होतं. अंडी नव्हती, एवढं बरं. नाना आता रोज चित्रं काढतात. बहुतेक कुणालाच कळत नाहीत, पण कोणी ‘किती छान’ म्हणून बाजूला ठेवत नाही. कळेपर्यंत सगळे विचारत बसतात, आणि नाना वैतागून पुन्हा काढून दाखवतात. जावई येतो तेव्हा खुर्चीत मागे टेकून बसतो.

त्याची भीती मात्र गेली नाही. त्याच्या स्वतःच्या घरात गॅसचा गीझर कधी नव्हताच, तरी बायको अंघोळीला गेली आणि नुसता पाण्याचा आवाज येत राहिला की त्याला राहवत नाही. तो हातातलं टाकून दाराशी जाऊन उभा राहतो.

“काय चाललंय?”

“अंघोळ चाललीय! दुसरं काय चालणार?”

“बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही.”

पहिल्यांदा ती चिडायची. हल्ली आतून बाजाराची यादी सांगते, साहेबाच्या नकला करते, कधी नुसते आकडे म्हणते. तो दाराला पाठ लावून, डोळे मिटून ऐकत उभा राहतो. कडी निघाल्याचा आवाज आला की बाजूला होतो आणि चहाला आधण ठेवतो.