दाताच्या डॉक्टरची शर्यतीची गाडी

माझ्या भावोजींनी शर्यतीची जुनी गाडी घेतली ती तिचा आवाज ऐकून नव्हे. तिला आवाजच नव्हता. इंजिन जाम होतं, भंगारवाल्याने ती शेडच्या मागे पत्र्याखाली टाकली होती आणि धुराच्या नळीत उंदरांचा संसार सुखात चालला होता. भावोजींनी बॉनेट उघडूनसुद्धा पाहिलं नाही. ते तिच्या एकुलत्या एक सीटवर बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि त्यांचे वकील मित्र म्हणाले, डॉक्टर, शोभता. झाला सौदा. भावोजी दातांचे डॉक्टर. पुढचा महिनाभर दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते, जुन्या मोटरसायकलच्या भावात साठ वर्षांची शर्यतीची गाडी मिळाली म्हणून. ऐकणाऱ्याचं तोंड त्या वेळी कापसाने भरलेलं असे, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

स्वस्त वस्तू घेणाऱ्यालाच स्वस्त पडते. उरलेली किंमत दुसराच कुणीतरी चुकवत असतो. इथे तो दुसरा म्हणजे मी. मी त्यांचा मेहुणा, ताईचा धाकटा भाऊ. माझ्या गॅरेजात दोन गाड्या मावतात. आठ महिने त्यातली एक जागा या महाराणीने अडवली आणि माझी रोजची गिऱ्हाइकं रस्त्याच्या कडेला जॅकवर उभी राहिली.

भावोजी मला 'पाना' म्हणतात. पाहुण्यांना ते "हा आमचा पाना" असं सांगतात, कुणी घरचा कुत्रा दाखवावा तशा कौतुकाने. मी कधी हरकत घेतली नाही. पाना म्हटल्याने पाना सैल होत नाही.

गाडी ट्रकवरून उतरली त्या दिवशी मी एकच अट घातली. दरवर्षी टेकडीच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची शर्यत होते. एकेक गाडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत सोडतात आणि वेळ मोजतात. म्हटलं, मजुरी नको, पण तिथे ही गाडी मी चालवणार. वीस वर्षं मी लोकांच्या गाड्या नीट करतो, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन बघतो आणि किल्ली परत करतो. पाय पूर्ण दाबावा तर गल्लीच संपते. एकदा तरी न संपणाऱ्या रस्त्यावर पाय दाबायचा होता. भावोजी ताईच्या देखत म्हणाले, "अरे, चालवणार तूच. मला कुठे येतंय?"

मग मी कामाला लागलो. सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतून दहा दिवस ठेवलं तेव्हा कुठे पिस्टन बोटभर हलला. उंदरांनी खाल्लेली वायरिंग नवी घातली. बाजारात मिळत नव्हती ती गॅस्केटं हाताने कापली. ब्रेक उघडले तर डावीकडचे उजवीकडच्यांपेक्षा आधी धरायचे, ते निम्मे तरी सुधारले. रात्रीपर्यंत नाही राबलो, खोटं कशाला सांगू. पण दुपारच्या जेवणानंतर जी पाठ गादीला टेकायची, ती आठ महिने त्या चेसिसखालीच टेकली.

भावोजी दर रविवारी यायचे. चामड्याचे हातमोजे, चौकड्यांची टोपी, बरोबर फोटो काढायला वकील. मी बोल्ट सोडवायचा, मग तोच बोल्ट भावोजींनी हातात धरून गंभीर चेहरा करायचा. एका फोटोत त्यांनी पाना उलटा धरलाय. त्याच फोटोखाली चारशे लोकांनी लिहिलं, काय मेहनत आहे. दोघांनी मिळून जुन्या गाड्यांचं एक मंडळही काढलं. अध्यक्ष भावोजी, सचिव वकील. सदस्यांची वाट बघणं चालू होतं. मला विचारलं नाही, कारण मी तिथे कामावर होतो.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. इंजिनच्या मागची फट मला दिसत नव्हती, तेव्हा भावोजींनी तोंडात घालायचा तो लहान गोल आरसा आणला आणि काम सोपं झालं. कार्बोरेटरची भोकं त्यांच्याच दात कोरायच्या बारीक आकड्यांनी मोकळी झाली. मी तोंडभरून कौतुक केलं. नको तिथे कौतुक केलं की माणूस बिघडतो हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी केलं.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात एका टॅक्सीचं काम बाहेर निघालं म्हणून मी दिवसभर गॅरेजात नव्हतो. गॅरेजची किल्ली भावोजींकडे होती. परतलो तर चेसिस नव्या काळ्या रंगात चमकत होती. भावोजी म्हणाले, शेवटचा हात मी फिरवला. मी म्हटलं, छान. रंगच तर आहे, म्हटलं.

शर्यतीच्या सकाळी पायथ्याशी गाड्यांची रांग लागली. ताई डबा घेऊन आली होती. तपासनीस म्हणजे एक सुकलेले म्हातारे गृहस्थ, काखेत जुन्या गाड्यांच्या नंबरांची जाड वही. आधी त्यांनी आमचा अर्ज वाचून दाखवला. मालक, भावोजी. चालक, भावोजी. मदतनीस, पाना.

मी भावोजींकडे पाहिलं. ते टोपी नीट करत होते. वकील मध्येच म्हणाले की मंडळाच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने अध्यक्षांनीच चालवणं योग्य, आणि पुढच्या वर्षी पान्याचा विचार नक्की होईल. भावोजींनी गेल्या महिन्यात रिकाम्या मैदानात गाडी दोनदा फिरवली होती. दोन्ही वेळा बंद पाडली होती. मला एवढंच वाटलं की आठ महिने मी कुणासाठी पाठ झिजवली ते आता छापील कागदावर आलं.

तपासनिसांना याच्याशी देणंघेणं नव्हतं. ते गुडघ्यावर बसले, चेसिसच्या पुढच्या दांड्यावर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासू लागले. धातूवर ठोकलेला नंबर असा कागदावर उमटतो, मग तो वहीशी ताडून बघतात. कागद करडा झाला. नंबर काही उमटेना. त्यांनी दुसरा कागद घेतला. तोही नुसता करडा.

"इथे नंबर असायला हवा," ते म्हणाले.

"नंबर माहीत नाही," भावोजी म्हणाले, "पण तिथे सात किडी होत्या."

"काय होत्या?"

"किडी. गंजून काळे खड्डे पडले होते. सगळं कोरून साफ केलं, दाताचंच सिमेंट भरलं, निळ्या दिव्याने पक्कं केलं, पॉलिश मारलं. वरून रंग. हात फिरवून बघा, कळणारसुद्धा नाही."

तपासनिसांनी खरोखरच हात फिरवला. मग रंग नखाने खरवडला. खालून पांढरीशुभ्र, निरोगी दाढ दिसावी तसा ठिपका दिसला. रांगेतल्या मागच्या माणसाने तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. ताईने डबा खाली ठेवला.

वकिलांनी तोंड उघडलं आणि कायद्याची दोन-तीन लांब वाक्यं टाकली. तपासनिसांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले की नंबर नसलेली गाडी गेल्या महिन्यात पत्रा ठोकून बनवलेलीही असू शकते. एकच वाट आहे. ज्या मेकॅनिकने गाडी उभी केली त्याने नंबर लेखी द्यावा. वहीशी जुळला तर आजच्यापुरतं सोडतो.

भावोजी माझ्याकडे वळले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. असा हात याआधी कधी आला नव्हता. "पाना, तुला आठवत असेल ना रे?"

आठवत होता. न आठवायला काय झालं. आठ महिने दुपारच्या वेळी माझ्या नाकापासून वीतभर वर तोच नंबर होता. चार, शून्य, सात, एक, एक, नऊ, तीन. तिसरा आकडा ठोकणाऱ्याचा हात घसरून तिरका पडलेला.

"आठवतोय," मी म्हटलं. "आधी चालकाचं नाव बदला."

भावोजींचा हात खांद्यावरून निघाला. हळू आवाजात म्हणाले, "लोकांसमोर काय हे? घरातली गोष्ट आहे, घरी बोलू."

"घरातच बोललो होतो. ताईसमोर."

वकील म्हणाले, ही सरळसरळ अडवणूक आहे. मी म्हटलं, आहेच. तुम्ही कागदावर करता, मी तोंडाने करतो. गाडीला इथपर्यंत आणताना मी अडवलं असतं तर तुमचे हातमोजे अजून खोक्यात असते.

भावोजींनी ताईकडे पाहिलं. ती आपल्या बाजूने बोलेल अशी त्यांची खात्री होती, कारण पंधरा वर्षं ती बोलत आली होती. ताई पुढे आली आणि तपासनिसांना म्हणाली, "पेन द्या इकडे." अर्ज बॉनेटवर ठेवून तिने नवऱ्याच्या नावावर सरळ रेघ मारली. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "अहो, मालक आहातच की. तेवढं पुरे नाही का तुम्हाला?"

"चालकाचं नाव?" तपासनिसांनी विचारलं. वकील सवयीने म्हणाले, पाना. तपासनीस म्हणाले, पाना हे नाव नव्हे. मी माझं पूर्ण नाव सांगितलं. भावोजींनी मान वळवून पाहिलं. त्यांना ते नाव पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटलं असावं. मग मी नंबर लिहून दिला. तपासनिसांनी वही छातीशी धरून उघडली, बोट फिरवलं, आणि मान हलवली.

झेंडा पडला आणि मी पाय दाबला. पहिलं वळण मला समजेपर्यंत मागे गेलं होतं. दुसऱ्या वळणावर ब्रेक डावीकडे ओढू लागले, ते ओढणार हे मला ठाऊक होतं, म्हणून ते वळण मी ब्रेकशिवायच घेतलं आणि भीतीने तोंडातून शिवी गेली. त्यानंतर सरळ चढण. पाय पेडलसकट तळाला टेकला होता आणि रस्ता संपत नव्हता. इंजिन असं ओरडत होतं की आठ महिन्यांत मी त्याला कधी तसं ओरडू दिलं नव्हतं. पत्रा थरथरत होता, चष्म्यावर तेलाचे थेंब उडत होते. मी ते पुसले नाहीत, कारण हात काढायची हिंमत नव्हती.

अकरा गाड्यांत नववा आलो. माथ्यावर एक माणूस वेळ लिहून घेत होता. म्हणाला, दुसरं वळण फार उशिरा पकडलंस. म्हटलं, हो. तो म्हणाला, खाली जाण्याआधी इंजिन थोडं थंड होऊ दे. मी ते बंद केलं नाही, हळू चालू ठेवलं आणि तिथेच बसून राहिलो. खालून भावोजींचे तीन फोन आले. आधी इंजिन थंड होऊ दिलं.