आधी जेवण, मग सुई

शॉमबर्गहून शिकागोला तासभर ड्राइव्ह करून करून विनीताचा जीव मेटाकुटीला आला होता. शहरातल्या नेटिव्ह अमेरिकन लोकांच्या सेंटरमध्ये ती डायबिटीसची तपासणी करायची. म्हणजे नुसती बसून यायची. तीन शनिवार एकानेही बोट पुढे केलं नव्हतं. आजही तेच झालं, तर तिचं क्लिनिक हा कॅम्प बंदच करणार होतं.

म्हणून आज तिने टेबल थेट दारात मांडलं. आत सगळ्यांचं एकत्र जेवण होतं, जाणार कुठून?

पहिल्या आल्या मेनॉमिनी समाजातल्या लोरेटा आजी. सुई बघून थबकल्या.

"काय गं, तुमच्या घरी पाहुण्याला दारातच टोचतात का?"

मागचे सगळे खो खो हसले. विनीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आल्यागेल्याला आधी पाणी विचारावं, हे तिला कुणी शिकवायला हवं होतं का? आणि ही तर तीन महिन्यांची साखर सांगणारी टेस्ट. त्या टेस्टला उपाशी पोट लागतच नाही. घाई होती ती फक्त विनीताची.

तिने किट आवरलं आणि आत जाऊन, तिथल्या रीतीप्रमाणे आधी म्हाताऱ्यांना जंगली तांदळाचं सूप वाढलं.

जेवणानंतर लोरेटा आजींनी आपणहून बोट पुढे केलं. आकडा आला साडेनऊ, म्हणजे फारच वाईट. तो सांगण्याआधी विनीताने यंत्र स्वतःकडे वळवून घेतलं.

"तोंडावरूनच कळलं," आजी म्हणाल्या. "पथ्यबिथ्य पुढच्या शनिवारी सांग. तू जेवलीस का?"

विनीताने नकारार्थी मान हलवली. तिच्यासाठी सूप आणायला आजी उठल्या, आणि त्यांच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बोट पुढे करून बसलं.