सातव्या ओळीतला सव्वा तास

मित्रांनो, मी एक जुनं फंक्शन आहे. मला ना चाक आहे ना तार. मी कॉम्प्युटरमधल्या एका फाइलीत राहतो, अवघ्या आठ ओळींत. माझं नाव ‘भरतीची वेळ’. कुणी माझ्या हातात तिथी ठेवली की मी ठरलेलं गणित करतो आणि खाडीला पूर्ण पाणी किती वाजता भरेल ते परत देतो. एवढंच येतं मला. पण एवढंच येणारा मी एकदा एक होडी घालवायच्या बेतात होतो, आणि तीच वाचवायलाही उपयोगी पडलो. ती हकीकत आज सांगतो.

माझा जन्म डोंबिवली पश्चिमेला, खाडीकाठच्या एका कोळ्याच्या घरात झाला. मला लिहिलं मेघालीने. तेव्हा ती सतरा वर्षांची होती, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. तिचे आजोबा दामाजी रोज होडी घेऊन खाडीत जायचे आणि चिंबोऱ्या, कोळंबी जे मिळेल ते घेऊन यायचे. तिचे वडील दर्शन ठाण्याला नोकरीला. घरात होडी समजणारे एकटे आजोबाच उरले होते.

खाडीतून त्यांच्या धक्क्याकडे येणारी पाण्याची वाट अरुंद आहे. भरती असली तरच तिथून होडी येते, नाहीतर नुसता चिखल. म्हणून वेळेला फार महत्त्व. आजोबांना घड्याळापेक्षा तिथी जवळची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे ते लहानपणी शिकले होते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा एकापासून सुरू. मिनिटाचा हिशोब नाही, पण होडीपुरता पुरतो.

मार्गशीर्षात आजोबांना ताप आला. तीन दिवस ते अंथरुणातून उठले नाहीत. चौथ्या दिवशी बरं वाटल्यावर कुणाचं न ऐकता खाडीत गेले, आणि परतताना होडी वाटेतच चिखलात रुतली. सत्तरीला टेकलेला माणूस दुपारच्या उन्हात दोन तास पाण्याची वाट बघत बसला. होडी रुतताच शेजाऱ्याने फोन केला होता, तसा दर्शन ऑफिस सोडून धावत आला. आजोबा सुखरूप होते. दर्शनने त्यांना घरी आणून बसवलं.

“बाबा, तुमचं आता लक्षात राहत नाही,” तो म्हणाला. “होडी दिवा गावातल्या आपल्या पाहुण्यांना देऊन टाकू. मला रोज हा घोर नको.”

आजोबा जाळ्याची घडी घालायला लागले. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मेघालीला वाटलं.

त्याच आठवड्यात तिच्या कॉम्प्युटरच्या क्लासात फंक्शन शिकवायला सुरुवात झाली. क्लास ठाकुर्ली स्टेशनजवळ, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. शिकवणाऱ्या विनिता मॅडम पिठाच्या गिरणीचं उदाहरण द्यायच्या. “डब्यात गहू न्या, गव्हाचं पीठ मिळेल. ज्वारी न्या, ज्वारीचं मिळेल. गिरणी तीच. आणि पीठ भलतंच आलं तर गिरणीवाल्याशी भांडण्याआधी आपण डब्यात काय नेलं होतं ते बघा.” मुलं हसायची आणि विसरायची. मॅडमनी सगळ्यांना आपापल्या घरातलं एखादं गणित घेऊन फंक्शन लिहायला सांगितलं. बहुतेकांनी वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं, जणू यांच्या घरोघरी वर्तुळंच सांडली होती. मेघालीने आजोबांची पाऊणपट घेतली.

पहिल्यांदा तिने मला लिहिलं आणि पडद्याकडे टक लावून बसली. मी गप्प. अर्धा तास झाला तरी गप्प. फंक्शन लिहिलं म्हणजे ते आपोआप चालतं, असा तिचा समज होता. मित्रांनो, मला नाव घेऊन बोलवावं लागतं. कुणी बोलावलं नाही तर मी शंभर वर्षं तसाच पडून राहीन.

मग तिने मला बोलावायला सुरुवात केली, पण चाराचा आकडा माझ्या पोटातच लिहून ठेवला. त्यामुळे कुठलीही तिथी असो, माझं आपलं एकच उत्तर, तीन वाजता. मॅडमनी तिला समजावलं की तिथी बाहेरून द्यायची, आत कोंबायची नाही. ते जमल्यावर तिसरी गंमत झाली. मी उत्तर पडद्यावर दाखवायचो, पण परत द्यायला विसरायचो. तीन वाजता असं दिसायचं खरं, पण पुढच्या ओळीने तेच उत्तर मागितलं की तिच्या हातात भोपळा. शेवटी सातवी ओळ आली, ‘उत्तर परत दे’ असं सांगणारी, आणि मी कामाला लायक झालो.

मेघालीने वडिलांसमोर लॅपटॉप ठेवला. “पप्पा, आजोबांना रोज वेळ मी काढून देते. एकदा जरी चुकली तर द्या होडी.” दर्शनने मान डोलावली. मला त्या क्षणी केवढा अभिमान वाटला होता म्हणून सांगू. सात ओळींच्या जिवावर कुणीतरी अख्खी होडी लावली होती.

पहिलाच दिवस रविवारचा होता आणि तिथी चतुर्थी. मेघालीने माझ्या हातात चार ठेवले. मी तीन परत दिले. “आजोबा, आज तीन,” ती म्हणाली. “बरं गो,” म्हणून आजोबा होडीकडे गेले.

तीन वाजता दर्शन आणि मेघाली धक्क्यावर उभे. होडी नाही. साडेतीन झाले, तरी नाही. दर्शनने मेघालीकडे पाहिलं आणि म्हणाला, “तुझा कॉम्प्युटर पण चुकला आणि बाबा पण. उद्याच दिव्याला फोन करतो.” मेघालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिचं लक्ष खाली गेलं. होडीच काय, धक्क्याशी पाणीसुद्धा आलं नव्हतं. नुसता चिखल होता.

सव्वाचारला पाणी भरलं, आणि त्या पाण्याबरोबर आजोबा आले. होडीत ताठ उभे, हातात बांबू. दोघं धक्क्यावर कशाला उभी आहेत ते त्यांना कळेना.

“आजोबा, मी तीन सांगितलं होतं,” मेघाली म्हणाली.

“मंग? तीन ते मुंबईच्या बंदराचं. आपले खाडीत पानी वर यायला सव्वा तास लागतं.”

“मग हे मला का नाही सांगितलंत?”

आजोबांना खरोखरच नवल वाटलं. “आता ह्यो काय सांगाचा असतं गो? सगल्यांना म्हाईत हाय.”

मित्रांनो, सगळ्यांना माहीत असेल, मला नव्हतं. जे कुणी माझ्यात लिहिलं नाही ते मला कळत नाही. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटून उपयोग नव्हता, कारण मला दुरुस्त करणंही माझ्या हातात नाही.

मेघाली घरी पळत आली. तिने सातव्या ओळीत सव्वा तास मिळवला आणि ‘परत दे’ला आठव्या ओळीत सरकवलं. तेवढ्यात तिला विनिता मॅडमचा गव्हाचा डबा आठवला असावा. ती थबकली. होडी रुतली त्या दिवशी पंचमी होती. तापाचे तीन दिवस आजोबांनी मोजलेच नसतील तर त्यांच्या लेखी ती द्वितीया. तिने माझ्या हातात दोन ठेवले. दोनाची पाऊणपट दीड, त्यात सव्वा तास. मी पावणेतीन परत दिले.

“पप्पा, शेजारच्या काकांनी त्या दिवशी तुम्हाला किती वाजता फोन केला होता?”

दर्शनने मोबाइल काढून मागे मागे जात ती नोंद शोधली. दोन वाजून बावन्न मिनिटं. म्हणजे आजोबा परतले ते पावणेतीनलाच, द्वितीयेच्या बरोबर वेळेला.

“त्यांचं गणित नाही चुकलं,” मेघाली म्हणाली. “ते काहीच विसरलेले नाहीत. तीन दिवस कुणी त्यांना तिथी सांगितली नाही, एवढंच. आपण सगळे घरात होतो, पप्पा.”

दर्शनने फोन खिशात ठेवला. आजोबा दारात पाय धूत होते. त्याने उठून त्यांना टॉवेल दिला. दिव्याला फोन कधी गेलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून आजी मंजुळा सकाळी चहा देताना कॅलेंडर बघून तिथी मोठ्याने सांगू लागली. तिथी हातात पडली की आजोबा पापणी लवायच्या आत वेळ सांगायचे. मग माझी गरज ती काय उरणार? मेघाली सुरुवातीला गंमत म्हणून मला बोलवायची, पुढे तेही थांबलं. ती मोठमोठे प्रोग्राम लिहू लागली. लॅपटॉप बदलला. माझ्या ओळी तिने दोनतीन ठिकाणी उतरवल्या, आणि त्यातल्या एका नकलेत सव्वा तास राहूनच गेला. एकाच कामाच्या चार नकला करू नयेत, एकच नीट जपावी आणि तिलाच बोलवावं, हे तिला तेव्हा कळलं. नकला तिने पुसल्या. मी उरलो.

आता मेघाली ठाण्याला नोकरी करते. आजोबा खाडीत जात नाहीत. रविवारी होडी घेऊन जातो तो दर्शन. होय, तोच. त्याला पाऊणपट कधी शिकता आली नाही, म्हणून मेघालीने मला त्याच्या मोबाइलमध्ये बसवलंय. तो तिथी टाकतो, मी वेळ देतो, आणि तो वेळेवर परत येतो.

मित्रांनो, मला सोनंनाणं नको. वाचताच काम कळेल असं नाव मला द्या, लिहून ठेवलंत तर बोलवत जा, आणि उत्तर चुकलं तर आधी माझ्या हातात काय दिलं होतं ते बघा. घरातल्या माणसांच्या बाबतीतही तेवढंच करा. आणि ज्यांना सगळं ठाऊक आहे त्यांना ते आहेत तोवर विचारून घ्या, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

आजोबा आता खरंच विसरतात. तिथी विसरतात, पाऊणपट विसरतात, कधी कधी मेघालीचं नावही. पण रविवारी दर्शन मोबाइल काढून धक्क्याकडे निघाला की ते ओट्यावरून हमखास हाक मारतात.

“अरं, सव्वा तास घातलास ना?”

जे सांगावं लागतं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, तेच ते आता दर रविवारी सांगतात. मला त्यांच्याशी बोलता येत नाही, नाहीतर मीच उत्तर दिलं असतं. घातलाय, आजोबा. सातव्या ओळीत आहे.