अनसिंगच्या वाटेवर काटा

दौलतरावांनी बॉनेट वर धरून रबरी पाइपाला बोटं टेकवली. पाइप नेहमीइतकाच तापला होता. पाण्याला उकळी नव्हती, वाफ नव्हती, खाली थेंबही नव्हता. तरी आत टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला होता. रिसोड सोडल्यापासून ते तिसऱ्यांदा थांबले होते.

मागे एकदा काट्याकडे कानाडोळा करून त्यांनी इंजिन जाळलं होतं. तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत. आज तर धास्ती दुहेरी होती. मागच्या सीटवर वैजयंती होती आणि तिला अनसिंगला, सासरी पोचवायचं होतं. पंचमीला आलेली लेक दिवाळी उलटली तरी गेली नव्हती. शेवटी चार माणसांत बसून दौलतरावांनीच शब्द दिला होता, मी स्वतः आणून सोडतो. आईनं, सोजरबाईनं, खोदून खोदून विचारलं, तिथं काही त्रास आहे का. पोरीचं आपलं एकच, बरं हाये. त्या दोन शब्दांनी दौलतरावांची झोप उडवली होती.

बॉनेट लावून ते आत बसले. गाडी थांबली, की मांडीवरच्या पिशवीवरची तिची पकड सैल होते, हे त्यांनी आरशात पाहिलं होतं. चावी फिरवली, की बोटं पुन्हा आवळतात. आधी त्यांना वाटलं, गाडी लागत असेल.

वाशिमला पुसद नाक्याजवळ देवमन मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्यानं इंजिनावरच्या सेन्सरची वायर उपटली आणि आत डोकावला. वायर काढली की काटा खाली पडायला हवा, तो बोलला. काटा जागचा हलला नाही.

"इंजिन टकाटक हाये, भाऊ. मीटरच येडं झालं. त्याच्याकडं पाहूच नका, बिनधास्त जा अनसिंगले."

मिस्त्री मंडळींना हळू बोलायची सवय नसते. वैजयंतीनं सगळं ऐकलं. तिनं पिशवी छातीशी ओढली आणि सुई टोचून घ्यायला बसलेल्या माणसासारखी समोरच्या काचेकडे पाहत राहिली.

दौलतरावांनी मिस्त्रीला विचारलं, गाडी वाटेत तापू शकते ना. देवमन म्हणाला, कायले तापन? त्यांनी पुन्हा विचारलं, बिलकूलच नाही का तापणार? गाडी बरी आहे असं सांगितल्यावर तोंड पाडणारं गिऱ्हाईक देवमननं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

दौलतराव मागच्या खिडकीपाशी आले. बराच वेळ काच पुसत राहिले.

"वैजू, मिस्त्री म्हंते, गाडी अनसिंगपरेंत जात नाई."

देवमननं तोंड उघडलं आणि मिटलं. वैजयंतीनं बापाकडे पाहिलं.

"अन् रिसोडले?"

"रिसोडले जाते."

अनसिंग इथून जवळ, रिसोड त्याच्या दुप्पट लांब. पण तो हिशेब कोणी काढला नाही. दौलतरावांनी गाडी वळवली. एवढ्या वर्षांत दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता, आणि आता गावात काय तोंड दाखवायचं हा विचार डोक्यातून जात नव्हता.

वाशिम मागे पडतं न पडतं तोच जावयाचा, करणचा फोन आला. त्यांनी गाडी कडेला घेऊन फोन स्पीकरवर टाकला.

"गाडी गरम होऊन राह्यली, जवाईबापू. आज काई येणं होत नाई."

"मंग उद्या आणून सोडा," तिकडून आवाज आला. "चार लोकांत बोलले होते तुमी."

उद्यासाठी दौलतरावांनी काही ठरवलंच नव्हतं. तेवढ्यात मागून हात पुढे आला आणि वैजयंतीनं फोन त्यांच्याकडून घेतला.

"उद्याबी गाडी खराबच राह्यन," ती म्हणाली आणि फोन बंद करून बापाच्या हातात दिला.