कोरड्या नहरातून रस्सीखेचीला

प्रेमिलाला कुंताबाईच्या गटाला हरवायचं होतं, बस्स. मागच्या साली बचत गटांच्या मेळाव्यात कुंताबाईने रस्सीखेचीत तिला असं ओढलं होतं की ती तोंडावर आपटली आणि सगळ्या तालुक्याने टाळ्या पिटल्या. तेव्हापासून प्रेमिलाच्या गटातल्या आठही जणी विहिरीजवळच्या चिंचेला दोर बांधून सराव करत होत्या. चिंच हलली नाही, पण बायांचे दंड भरले.

आणि आज, नेमका आज, रस्त्यावरचा पूल खोदून ठेवलेला. प्रेमिलाचा नवरा कवडू म्हणाला, "नहरातून नेतो ना! कोरडाच तं पडला आहे." उन्हाळी धानासाठी इटियाडोह धरणाचं पाणी कधी सुटतं याची वाट पाहून गावाचे डोळे शिणले होते. तोवर नहराचा, म्हणजे कालव्याचा तळ हा फुकटचा हायवेच. ट्रॉलीत आठ बाया, दोराचं वेटोळं, भाताचे डबे आणि पुढे ट्रॅक्टरवर कवडूची बडबड, अशी वरात निघाली.

नहर जंगलात शिरला. दोन्हीकडे उंच काठ, वर वाळका साग, खाली दगडधोंडे. ट्रॉली अशी उडत होती की गटातल्या सगळ्यांत वजनदार सुशिलाबाईंनी डोळेच मिटून घेतले. काठावरून नीलगाईंचं टोळकं सोबतीने धावलं, तशा बाया लहान पोरींसारख्या किंचाळल्या. आपण पहिल्यांदाच कुठेतरी स्वतःसाठी चाललो आहोत, असं प्रेमिलाला वाटलं आणि तिचा ऊर भरून आला.

तेवढ्यात वळणावर सळसळ झाली. पालापाचोळा, काटक्या आणि फेस पुढे ढकलत मातकट पाणी समोरून सरकत आलं.

शहाण्याने तिथल्या तिथे काठ गाठला असता. पण कवडू पडला धानवाला! त्याने ट्रॅक्टर बंद केला, चपला काढल्या, खाली उडी मारली आणि पाण्याला हात जोडले. "आली रे माय! आली!" बायाही काही कमी नव्हत्या. कोणी पाण्यात कुंकू सोडलं, कोणी डब्यातला भात वाहिला. आनंद ओसरेपर्यंत पाणी पोटरीला लागलं होतं आणि ट्रॅक्टरची बॅटरी तर महिनाभर मेलेली.

"बंद काऊन केला?" प्रेमिला कडाडली.

"मायसमोर धूर सोडू का मंग?"

प्रेमिलाने बायांना खाली उतरवलं. ट्रॉली सोडवली. थोडं पुढे गुरं उतरायचा उतार होता. तिथवर ट्रॅक्टर ओढत पळवायचा, वेग आला की कवडूने क्लच सोडायचा, एवढाच उपाय उरला. दोर पुढच्या हुकाला बांधला आणि प्रेमिला ओरडली, "रोवण्यावानी चाला वो! मांगं मांगं!"

धानाचं रोवणं करताना दिवसभर चिखलात मागेच सरकायचं असतं. पाय कुठे टाकायचा ते टाचेलाच कळतं. बायांच्या टाचा रुतल्या, दोर ताठ झाला, पाणी मांडीला आलं. ट्रॅक्टर हलला, खोकला, बंद पडला. पुन्हा ओढला, पुन्हा खोकला. तळहातांची सालटी निघाली, तरी एकीनेही दोर सोडला नाही. मग एकदम भडाभडा धूर निघाला, बाया उताण्या पडल्या आणि ट्रॅक्टर गुरगुरत काठावर चढला. असा जल्लोष त्या जंगलाने कधी ऐकला नसेल.

ट्रॉली नहरातच राहिली होती, म्हणून सुशिलाबाईंना कवडूशेजारी बसवून बाकीच्या जंगलातून पायीच धावत सुटल्या. ट्रॅक्टरपाठोपाठ मैदानावर पोचल्या तेव्हा डीजेच्या दणदणाटात त्यांच्या गटाचं नाव शेवटचं पुकारलं जात होतं.

दोराच्या पलीकडे कुंताबाई. हसत म्हणाली, "अशा भिजून काऊन आल्या? नालीत पडल्या का बाप्पा?"

प्रेमिला उलट फटकारणार, तोच तिला आठवलं. कुंताबाईचं गाव नहराच्या अगदी शेवटाला. वरचे लोक आपापल्या मोऱ्या उघडून पाणी शेतात घेतात आणि शेवटाला नुसती ओल पोचते. म्हणून पाणी सुटलं की त्या गावाने धावत येऊन मोऱ्यांवर पहारा ठेवायचा, ही दरसालची रीत. आणि आज ते अख्खं गाव इथे टाळ्या वाजवायला आलेलं. आधी डाव होऊन जाऊ दे, मग सांगू, असं तिच्या मनात आलंच. पण पाण्यावाचून धानाच्या रोपांचे पऱ्हे पिवळे पडलेले तिने स्वतःच्या शेतातही पाहिले होते.

"नहराले पानी आलं, कुंताबाई."

दोर खाली पडला. समोरच्या बाया आणि त्यांचं सगळं गाव पळत सुटलं. पंचाने प्रेमिलाच्या गटाला विजयी घोषित केलं. तिला रडूच कोसळलं. "आमी वढलंच नाही! जीत कायची?"

मैदानाच्या कडेला गेलेली कुंताबाई थबकली. आपल्या बायांना हाका मारत परत आली, पदर खोचला, दोर उचलला. "वढ. एकच डाव. मंग जातो मी."

शिटी वाजली. प्रेमिलाने दया दाखवली नाही, तो कुंताबाईचा अपमान झाला असता. सोललेल्या हातांनी, टाचा रोवत, आठ जणींनी त्यांना रेघेपार ओढून आणलं. या खेपेला कुंताबाई तोंडावर पडली आणि पडल्या पडल्याच हसायला लागली.

प्रेमिलाने हात देऊन तिला उठवलं. कवडू ट्रॅक्टर चालूच ठेवून उभा होता. प्रेमिला त्याला म्हणाली, "इनले घेऊन चला. आनि आपली मोरी आज बंदच राहू द्या."

कवडूचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण त्याने मान हलवली.