माझ्या पेडलवरचा बूट

मी डिजिटल पियानो बोलतोय. माणसांवर माझा फारसा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याला कारण आहे, आणि ते मी स्वतः पाहिलेलं आहे, ऐकीव नाही.

कारखान्यातून खोक्यात बसून मी २०११ साली खांदा कॉलनीत पद्मजाबाईंच्या क्लासात आलो. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, पोटात तार एकही नाही, आणि वायरीच्या टोकाला जमिनीवर एक पेडल. ते दाबून ठेवलं की पट्टीवरचं बोट काढलं तरी सूर थांबत नाही. शिवाय माझ्यात एकावर एक दोन आवाज चढवता येतात. पियानोच्या जोडीला व्हायोलिनांचा ताफा लावला, की पियानो हळूहळू विरतो आणि व्हायोलिनं मात्र पेडलवरून पाय उचलेपर्यंत गात राहतात. हे समजायला दोन मिनिटं लागतात. ज्याला समजून घ्यायचंच नाही, त्याला वर्षही पुरत नाही.

क्लासात शिरताना सगळे चपला दाराबाहेर काढत. पेडल तळव्याला कळलं पाहिजे, असं बाई म्हणत. रोशनीला ते पहिल्याच दिवशी कळलं. ओवे गावातली नववीतली मुलगी. तिचे वडील महादेव लग्नाच्या हळदीला वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत होते, आणि ते कळल्यावर काही पालकांच्या भुवया कशा वर गेल्या, ते मी पाहिलं.

कॉलनीच्या वर्धापनदिनाला क्लासातल्या एकालाच वाजवायला मिळणार होतं. बाईंनी रोशनीचं नाव दिलं. कार्यक्रम समितीचे शैलेशराव तालमीला आले. त्यांची मुलगी निशाही याच क्लासात होती; यावरून काय समजायचं ते तुम्ही समजा, माझ्याकडे पुरावा नाही. रोशनीने शेवटचा सूर धरला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. पाय पेडलवर होता. व्हायोलिनं वाजत राहिली.

"हात मांडीवर आणि बाजा चालू?" शैलेशराव म्हणाले. "रेकॉर्डिंग लावलंय, बाई. कॉलनीला फसवताय."

बाईंनी पेडल समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. सोमवारी मी स्वतः तपासतो, खोटं निघालं तर नाव रद्द, आणि पोरीच्या वडिलांनाही बोलवा, असं सांगून ते गेले.

सोमवारी ते आले ते बूट घालूनच. तपासायला आलेल्या माणसाने बूट काढायचे नसतात, अशी त्यांची समजूत असावी. त्यांनी मला बंद केलं, मागची वायर ओढून पाहिली, खाली वाकून काही लपवलंय का ते शोधलं आणि वाकल्या वाकल्याच मला चालू केलं. त्या क्षणी त्यांचा उजवा बूट माझ्या पेडलवर होता. जाड तळव्याला काय कळणार! चालू होताना पेडल जसं असेल, तीच त्याची मोकळी अवस्था, असं मी धरून चालतो. माझी घडणच तशी. आता सगळं उलटं झालं होतं. पाय काढला की सूर लांबणार होता.

रोशनी बसली. तिने दोन्ही आवाज लावले.

"एक सूर वाजव. आता हात वर. पाय मागे," शैलेशरावांनी फर्मावलं.

तिने तसंच केलं. व्हायोलिनं थांबेनात. रोशनीने आधी हातांकडे पाहिलं, मग पायांकडे. मी काही नाही केलं, एवढंच ती पुटपुटली. बाईंनीही तिच्याकडे एकदा वेगळ्या नजरेने पाहिलं. ते मी विसरलेलो नाही.

दाराशी अनवाणी उभे असलेले महादेव पुढे आले. "बंद करा. पेडलला कोनाचा पाय लागू देऊ नका, मंग चालू करा. आमच्या पार्टीतला कीबोर्ड पन असाच रुसतो."

"ही काय हळदीची पार्टी आहे?"

"नाय. पन वायर तीच हाय."

बाईंनी तसं केलं. रोशनीने पुन्हा दोन्ही आवाज लावून सूर वाजवला, हात उचलले. आवाज तिथल्या तिथे थांबला.

तरी शैलेशराव हटेनात. मग मघाशी पेडल दाबलं कोणी, असं विचारत ते रोशनीच्या पायांकडे बघत राहिले.

"बाबा," निशा हळूच म्हणाली, "पेडलवर चिखल आहे. आम्ही सगळे अनवाणी आहोत."

माफी कोणी मागितली नाही. समितीच्या कागदावर "यंत्रात बिघाड" असं लिहिलं गेलं. बिघाड माझ्यात नव्हता. हे आज इथे जाहीर सांगतो.

वर्धापनदिनाला रोशनीच वाजवायला बसली. टाळ्या भरपूर पडल्या. पण पहिल्या रांगेतले दोघंतिघं शेवटपर्यंत तिच्या हातांकडे नाही, पायांकडे बघत होते.

पुढे बाई खारघरला गेल्या, त्यांनी नवा पियानो घेतला आणि मी ओव्याला महादेवांच्या घरी आलो. पेडलचं रबर झिजलंय, वायरीला चिकटपट्टी आहे. रोशनी आता कॉलेजात जाते. मला चालू करण्याआधी ती अजूनही दोन्ही पाय खुर्चीवर उचलून घेते. घरात एकटी असली तरी. चूक तिची नव्हती, सवय मात्र तिला लागली.

शैलेशराव, कधी ओव्याला आलात तर जरूर या. ही माणसं तुम्हाला बसवतील, चहा देतील, रोशनी वाजवूनही दाखवेल. फक्त बूट बाहेर काढा.